‘पोर खुळी न्हाई’
(सांगलीतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आधी सगळ्यांनी एक करा. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. नाडी लागली? आता सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित जलद, सोडताना संथ. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मान हलवली बघा. मागची पोरं, शेजाऱ्याची नाही, स्वतःची नाडी! मेंदूच्या देठातून निघालेली व्हेगस नस हृदयाला लगाम घालते, तो लगाम श्वासागणिक सैल-घट्ट होतो. म्हणजे आत्ता तुम्ही नुसत्या बोटांनी मेंदूचं एक काम तपासलंत.

आजचा विषय हाच, मेंदूच्या विजेच्या लहरी आणि हृदयाचे ठोके यांवरून मेंदूचं काम कसं वाचायचं. हृदयाकडे परत येते. त्याआधी एक हकिगत सांगायचीच आहे.

तासगावकडच्या एक आजी चार वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. पोर बोलत नव्हती. एके ठिकाणी सांगितलं, ‘बोलेल उशिरा.’ दुसरीकडे कागदावर ‘मतिमंद’ लिहून दिलं. का, तर हाक मारली की बघत नाही! त्या कागदाचा राग मला अजून आहे. अहो, बघत नसेल तर आधी कान तपासा ना.

बेरा, म्हणजे कानात आवाज देऊन मेंदूच्या देठापर्यंतच्या विजेच्या लहरी टिपायची तपासणी. तिला मूल झोपलेलं लागतं. आजींना म्हटलं, रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा. त्या माउलीनं एसटीत पोरीला डुलकीसुद्धा लागू दिली नाही, खिडकीतून द्राक्षबागा दाखवत आणली. इथं आल्यावर मांडीवरच झोपली. कपाळावर, कानांमागे इलेक्ट्रोड लावले आणि कानात टकटक सुरू केली.

आवाज देठातून वर चढताना पहिल्या १० मिलिसेकंदांत पाच मुख्य लहरी उमटतात. एका मायक्रोव्होल्टहून लहान. मेंदूच्या बाकीच्या विजेत त्या बुडतात, मिरवणुकीतल्या ढोलात एखादी हाक बुडावी तशा. पण तीच हाक हजार वेळा मारून नोंदींची सरासरी काढली, की गोंगाट सुमारे ३२ पटींनी उतरतो, हाक उरते.

९० डेसिबलपर्यंत गेलो. सगळ्यांत चिवट पाचवी लहर, तीही नाही. दोन्ही कानांत. पुढच्या तपासण्यांत बहिरेपण पक्कं झालं. आजींना सांगताना मला वाटलं, रडतील. त्या म्हणाल्या, ‘म्हंजी माझी पोर खुळी न्हाई?’

बेरा बुद्धी मोजत नाही. पण ज्या एका गोष्टीवरून तो शब्द लिहिला होता, ती गोष्टच गेली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मूळ विषय भराभर सांगते. एकसारख्या आवाजांत मध्येच वेगळा आवाज आला, की लक्ष देणाऱ्या माणसात सुमारे ३०० मिलिसेकंदांनी पी-३०० लहर येते. ती १९६५ मध्ये नोंदली गेली. मनगटाच्या नसेला सौम्य विद्युत झटका दिला, तर २० मिलिसेकंदांत मेंदूच्या पृष्ठभागावर एन-२० नावाची लहर उमटते. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णात ती दोन्ही बाजूंना नसेल तर लक्षण वाईट. असेल म्हणून शुद्ध येईलच असं नाही.

आता हृदय. नव्या आवाजाकडे तान्हं बाळ कान देतं तेव्हा ठोके क्षणभर संथ होतात. तोच आवाज वारंवार ऐकवला की फरक विरतो. आवाज बदला, ठोके पुन्हा संथ. बाळानं आधीचा लक्षात ठेवला, नवा ओळखला. ताप, औषध, रडणं यांनीही ठोके बदलतात, म्हणून लहरी आणि ठोके एकत्र वाचावेत, एवढंच माझं म्हणणं.

आणि हो, कानांची चाचणी पहिल्या महिन्यात, बहिरेपण आहे की नाही हे तिसऱ्यापर्यंत पक्कं, उपचार सहाव्याच्या आत सुरू. आजी चार वर्षांनी आल्या होत्या. तान्ह्याला तपासणीला आणताना दूध तिथंच येऊन पाजा. पोट भरलं की आपोआप झोपतं.