बोटीवर गेलेल्या पूर्वजाची नोंद आणि तिची फी

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि सभागृहातील मंडळी, कोकणातील कुलवृत्तांत चाळताना एखाद्या पूर्वजाच्या नावापुढे तो बोटीवर गेला एवढेच लिहिलेले आढळते आणि ती शाखा तिथेच खुंटते. माहिती उरली नाही असे आपण समजतो. पुष्कळदा ती परदेशातील अभिलेखागारात जपलेली असते, आणि तिच्या प्रतीसाठी फी भरावी लागते. टपालाने अर्ज करून ही फी येथून कशी पाठवावी, हा आजचा जाहीर केलेला विषय आहे. त्याकडे मी येणारच आहे.

ब्रिटिश बोटींच्या 1863 ते 1938 या काळातील क्रू लिस्टपैकी, म्हणजे बोटीवरील खलाशांच्या याद्यांपैकी, सुमारे 70 टक्के आज कॅनडात, न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे, मेमोरियल विद्यापीठाच्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहेत. नमुन्यादाखल 10 टक्के लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराने ठेवल्या, आणि 1875, 1885 अशा पाचाने संपणाऱ्या वर्षांच्या उरलेल्या ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाकडे गेल्या. त्यामुळे दाभोळ खाडीकाठच्या खलाशाचा 1912 सालचा माग काढायचा, तर ज्या बर्फाळ बंदराला त्याचे पाय लागलेही नसतील, तिथे पत्र धाडावे लागते. मॉरिशसला मजूर म्हणून गेलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांची स्थलांतर-दप्तरे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.

त्र्यंबकेश्वरी उपाध्याय आधी नामावळीची वही उघडतात आणि मग आपण दक्षिणा ठेवतो. परदेशी दप्तरात दक्षिणा आधी, वही नंतर, आणि नाव सापडले नाही तरी दक्षिणा बहुधा परत मिळत नाही, कारण ती शोधण्याच्या श्रमाची असते. याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती बँकेविषयी.

बँकेचे नाव सांगत नाही. श्रोत्यांत तिचे निवृत्त अधिकारी बसलेले दिसतात. परदेशी चलनातील डिमांड ड्राफ्ट मागण्यासाठी मी तालुक्याच्या शाखेत गेलो, तेव्हा पैसे कशासाठी, असा प्रश्न आला. आजोबांची नोंद मिळवण्यासाठी, असे मी सांगितले. आजोबांचे खाते याच शाखेत आहे काय, असे तेथील गृहस्थांनी अत्यंत गांभीर्याने विचारले. आजोबा हयात नाहीत म्हटल्यावर वारसाचा दाखला मागण्यात आला. पुढे ड्राफ्ट आमच्याकडे निघतच नाही असे समजले आणि प्रकरण जिल्ह्याच्या शाखेत गेले. तेथे परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म, पॅन, रक्कम पाठवण्याच्या कारणाचा संकेतांक, असे सगळे रीतसर पार पडून पैसे खात्यातून गेले. परंतु वाटेतील मध्यस्थ बँकेने आपला वाटा कापून घेतल्यामुळे अभिलेखागाराला रक्कम कमी पोहोचली. उरलेली फी पाठवा, असे तेथून सौजन्यपूर्ण पत्र आले. ती उरलेली फी पाठवण्याचा खर्च त्या फीपेक्षा अधिक होता!

पाकिटात नोटा घालून पाठवाव्यात, असे येथे कोणी तरी पुटपुटले. साध्या पत्रातून नोटा पाठवणे टपालाच्या नियमांत बसत नाही, हे नम्रपणे सांगतो. पूर्वी उत्तराच्या टपालखर्चासाठी आंतरराष्ट्रीय रिप्लाय कूपन जोडत असत. ही कूपने 1906 च्या रोम येथील टपाल परिषदेत ठरली, आणि 1920 मध्ये बोस्टनच्या चार्ल्स पाँझीने त्यांच्याच नावावर लोकांना बुडवले. ब्रिटन आणि अमेरिकेने त्यांची विक्री केव्हाच थांबवली आहे, आणि तसेही त्यांतून फी भरता येत नसे. आपला दहा रुपयांचा पोस्टल ऑर्डर माहिती अधिकाराच्या अर्जाला चालतो. सेंट जॉन्सला चालत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा मुद्दा घाईने मांडतो. सारंग, म्हणजे डेकवरील खलाशांचा मुकादम, पुष्कळदा आपल्याच गावची आणि नात्यातली माणसे डेकवर भरती करीत असे. म्हणून एका बोटीच्या एका वर्षाच्या क्रू लिस्टमध्ये एकाच गावचे अनेक जण सापडण्याची शक्यता असते, आणि बँकेचा खर्च मात्र प्रत्येक वेळी जवळजवळ तेवढाच पडतो. घरोघरी स्वतंत्र अर्ज करण्याऐवजी गावाने एका बोटीची प्रत एकदाच मागवावी, पैसे एकाने आपल्या नावाने पाठवावेत आणि बाकीच्यांनी त्याला ते रुपयांत द्यावेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

त्यासाठी घरातील जुन्या डिस्चार्ज सर्टिफिकेटवरून, म्हणजे खलाशाला नोकरी संपताना मिळणाऱ्या दाखल्यावरून, बोटीचे नाव आणि अधिकृत क्रमांक उतरवून घ्यावा, कारण या क्रू लिस्ट क्रमांकानुसार लावलेल्या आहेत. पहिल्या पत्रात पैसे मुळीच पाठवू नयेत. प्रत उपलब्ध आहे काय, फी किती आणि कार्ड चालते काय, एवढेच विचारावे. कार्ड चालत असल्यास त्यावरील परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावेत, कारण 2020 पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठीच सुरू करून दिली जातात. बँकेतूनच पाठवायचे झाल्यास बँकांचे सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे, असा पर्याय अर्जात लिहून द्यावा आणि स्विफ्ट संदेशाची, म्हणजे पैसे पाठवल्याच्या बँकेच्या संदेशाची, प्रत आपल्या अर्जक्रमांकासह अभिलेखागाराला कळवावी. परदेशात भाचा-पुतण्या असल्यास त्याने तेथील बँकेतून फी भरणे सर्वांत स्वस्त पडते. पत्राचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. प्रती थोड्या आहेत, तेव्हा एका गावाने एकच न्यावी.