कपाटात पडून राहिलेले भूकंप

(पडद्यावर काळोख. कागदावर सुई घासल्याचा आवाज.)

एप्रिल १८८९, जर्मनीतलं पोट्सडॅम. अर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ नावाच्या शास्त्रज्ञाच्या उपकरणावर एक रेघ मधेच थरथरली, आसपास तर काहीच हललं नव्हतं. पुढे जपानमधल्या भूकंपाची बातमी त्याच्या वाचनात आली आणि उलगडा झाला. इतक्या लांबचा भूकंप कागदावर पकडला गेला, तो पहिल्यांदाच.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं पृथ्वी कागदावरच लिहीत होती. १९६०च्या दशकात अमेरिकेनं जगभर साधारण १२० स्टेशन्सचं एकसारख्या उपकरणांचं जाळं उभं केलं, खरा हेतू जमिनीखालच्या अणुचाचण्या पकडायचा, पण त्याच नोंदींनी भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे, सरकतात या सिद्धांताला मोठा आधार दिला. ड्रम फिरतोय, दर मिनिटाला खूण पडतेय, रोजचा नवा कागद. असे लाखो कागद.

आणि १९६०चा चिलीचा भूकंप, ९.५ तीव्रतेचा, उपकरणांनी नोंदवलेला आजवरचा सगळ्यात मोठा, तो सगळाच्या सगळा या कागदी जमान्यातला. म्हणजे तो आजच्या पद्धतीनं पुन्हा तपासायचा तर कपाट उघडण्याशिवाय गत्यंतर नाही!

मग स्कॅन करून टाका की, असं कुणीही म्हणेल. पण स्कॅन म्हणजे शेवटी फोटोच ना, कॉम्प्युटरला हवेत आकडे, अमुक सेकंदाला रेघ किती वर, किती खाली. हे हातानं करायचं म्हणजे एका कागदापायी तासन् तास, आणि गंमत म्हणजे भूकंप जितका मोठा तितक्या रेघा एकमेकींत जास्त गुंततात, जो भाग हवा नेमका त्याचाच गुंता. एआय कामाला येतं ते इथं. माणसांनी हातानं सोडवलेले नमुने दाखवून मॉडेलला शिकवायचं, मग ते गुंत्यातून एकेक रेघ धरून पुढे जातं.

(पडद्यावर जहाजाची जुनी रोजनिशी, पिवळी पडलेली पानं.)

हवामानाचंही तेच. जहाजांवर दर काही तासांनी हवेचा दाब आणि तापमान लिहून ठेवायचे. २०१०मधे 'ओल्ड वेदर' प्रकल्पात हजारो हौशी लोकांनी ब्रिटिश नौदलाच्या रोजनिशा नजरेनं वाचून टाईप केल्या, खरंच कमाल केली त्यांनी. आता हस्ताक्षर वाचणारी मॉडेल्स हाच ढीग कितीतरी वेगानं उपसू शकतात.

पण मला भीती वाटते ती याच वेगाची. पाऱ्याच्या २९.८ इंच दाबाचा २८.९ वाचला की दाब एकदम उतरलेला दिसतो, म्हणजे समुद्रात कधी आलंच नव्हतं असं वादळ तयार! कधी लिहिणारा २९ एकदाच लिहितो आणि खाली नुसते दशांश. आणि आकडा बरोबर वाचूनही भागत नाही, कारण ग्रीनिचचं शून्य रेखांश ठरलं १८८४ला, पण फ्रान्स १९११पर्यंत पॅरिसवरून मोजत होता, म्हणजे जुन्या फ्रेंच रोजनिशीतलं जहाज आजच्या नकाशावर सव्वादोन अंशांहून जास्त पश्चिमेला सरकलेलं दिसणार. अक्षर कितीही चांगलं वाचता येऊ दे, हे आधी कुणीतरी सांगायला लागतं.

नकाशांचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे लाखभर भूशास्त्रीय नकाशे, पण २०२२मधे अक्षांश-रेखांशांना नीट जोडलेले त्यातले जेमतेम दहा टक्के होते, म्हणून त्याच वर्षी अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेनं हे काम एआयकडून करून घ्यायची स्पर्धाच लावली. त्यातही सूचीतला रंग नि नकाशातला रंग जुळवणं भलतंच अवघड, छपाईची शाई उडते, दोन खडकांचे गुलाबी सारखेच दिसतात.

शोधाशोधही सोपी होतेय हां. जुन्या अहवालात भूपट्ट हा शब्दच नसतो, त्यामुळे शब्दावरून शोधलं तर हाती शून्य. अर्थावरून शोधणारं मॉडेल मात्र शंभर वर्षांपूर्वीचा जर्मन अहवालही समोर ठेवू शकतं, प्रश्न मराठीत विचारला तरी. फक्त त्यानं उत्तर देऊन गप्प बसू नये, पान उघडून दाखवावं.

(पडद्यावर रोजनिशीचं एक पान, एका आकड्याभोवती लाल चौकट.)

हा आकडा बघा. मॉडेल म्हणतंय, ३ असेल किंवा ८, खात्री नाही. अशी शंका आकड्यासोबतच जपून ठेवली पाहिजे. आपण पान उलटतो. पुढच्या पहाऱ्याची नोंद आहे, दाब हळूहळू चढतोय, वारा पडलाय.

३च होता तो.