खाडीच्या काठावर काटा लालवर : कोकणात पेट्रोलचं गणित वेगळं का असतं?

नमस्कार मंडळी. आज गाडीच्या बॉनेटवर बसून बोलतोय, कारण विषयच या गाडीचा आहे. मागे दिसतोय तो समुद्र, आणि त्याच्या अलीकडे जी खाडी आत शिरलीये, तिच्याबद्दलच मला बोलायचंय.

रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी चालवायची, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांचं स्वप्न असतं. रस्ता सुंदर आहे यात शंकाच नाही. पण या रस्त्यावर पेट्रोल संपत आलं, तर घाटावरचा हिशोब इथे चालत नाही. पुणे-सातारा रस्त्यावर लाल दिवा लागला तर माणूस म्हणतो, येईल पंप पाच-दहा मिनिटांत. आणि येतोच. इथे नाही येत.

आमचंच सांगतो. दापोलीहून निघालो तेव्हा पाव टाकी पेट्रोल होतं. पंपावर गाड्यांची रांग होती. मी बायकोला म्हटलं, पुढे भरू. आंजर्ले, केळशी, मध्ये फोटो, मध्ये नारळपाणी, असं करत संध्याकाळी वेसवीच्या जेट्टीवर पोचलो. बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे बागमांडला, हरिहरेश्वर. दिवा लागून बराच वेळ झाला होता. आणि जेट्टीवर कळलं, गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट बिघडलीये, आज सुटणार नाही.

तिथे एक काका जाळं आवरत बसले होते. त्यांना विचारलं, "काका, जवळ पंप कुठे मिळेल?"

"जवळचा म्हणाल तर मंडणगड. नाहीतर पलीकडे श्रीवर्धन. पण पलीकडे जाल कसे?"

समोर बागमांडल्याचे दिवे लुकलुकत होते. हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटावं इतकं जवळ. आणि गाडीने जायचं तर मागे फिरून मंडणगड, म्हाप्रळ, आंबेतचा पूल, म्हसळा असा भलामोठा वळसा.

मंडळी, सगळी मेख इथे आहे. कोकणात अंतर किलोमीटरवर मोजू नका, खाड्यांवर मोजा. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. या चार ठिकाणी आपण फेरीबोटीच्या भरवशावर असतो. दाभोळहून धोपावे बोटीने काही मिनिटांचं काम. तीच बोट नसेल तर दापोली, खेड, चिपळूण करून गुहागरला उतरायचं, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. नकाशा तुम्हाला बोटीचा रस्ता दाखवतो आणि तुमचं पेट्रोल त्या रस्त्यापुरतंच असतं. म्हणून माझा आता एकच नियम आहे : खाडीवर उतरायच्या आधी, वळसा घालायची वेळ आली तरी पुरेल एवढं पेट्रोल टाकीत हवंच.

आता तुम्ही म्हणाल, डॅशबोर्डवर दिसतं की अजून किती किलोमीटर जाईल ते. (इथे डॅशबोर्डचा क्लोज-अप.) हा आकडा गाडी कुठून काढते? तुम्ही आत्तापर्यंत जशी चालवलीत, त्या अॅव्हरेजवरून. सपाटीवर टॉप गिअरमध्ये आलात तर तो आकडा भरघोस दिसतो. पण जेट्टी असते समुद्राच्या पातळीला आणि रस्ता चढतो सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर. पहिला, दुसरा, परत पहिला, वर एसी चालू. दहा किलोमीटर जाता जाता आकड्यातले वीस किलोमीटर उडालेले मी स्वतः पाहिलेत.

काट्याचंही तसंच. टाकीत एक फ्लोट असतो, पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधायचे ना, तसा तो पेट्रोलवर तरंगतो. चढावर पेट्रोल एका बाजूला सरकतं, फ्लोट त्याच्याबरोबर हलतो. म्हणून एका वळणावर दिवा विझतो, पुढच्या वळणावर पुन्हा लागतो. दिवा विझला म्हणून खूश होऊ नका. गाडी सपाट जागी उभी करा, थोडं थांबा, आणि मग काटा बघा.

टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. टाकी तळाला गेली की तीव्र चढावर तो हवा ओढतो, गाडी आचके द्यायला लागते. नेहमी रिझर्व्हवरच गाडी चालवायची सवय त्या पंपाचं आयुष्य कमी करते. डिझेल गाडी पूर्ण कोरडी पडली तर लाइनमध्ये एअर धरते, मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही, बऱ्याच गाड्यांमध्ये एअर काढावी लागते. रात्री सड्यावर मेकॅनिक कुठून आणणार?

दिवा लागलाच, तर एसी बंद. वेग पन्नास-साठच्या आत, अॅक्सिलरेटरवर पाय हलका. आणि एक कळकळीची विनंती, उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळपास बंदच करतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले आणि पुढे वळण आलं, तर पेट्रोल वाचवून काय मिळवलं?

प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल भरून डिकीत टाकायचा विचारही नको. उन्हात तापलेल्या बंद गाडीत त्या वाफा, आणि मागच्या सीटवर आपली मुलं. इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल तर पेट्रोल पोचवायची सोय त्यात असते का, हे घरूनच बघून ठेवा. अडचण गंभीर वाटली तर 112 लावा. पण सड्यावर रेंज जाते, म्हणून रेंज आहे तोवरच पुढच्या पंपाला फोन करा. खेड्यातले पंप रात्री लवकर बंद होतात.

आम्ही त्या रात्री काय केलं? मागे फिरलो नाही. अंधारात, चढाच्या रस्त्यावर, दोन मुलं गाडीत, तो जुगार मला खेळायचा नव्हता. जेट्टीवर माणसं होती, दिवा होता. काकांनीच ओळखीच्या घरी खोली बघून दिली. काकूंनी तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं कालवण वाढलं, मुलं जेवता जेवताच पेंगली. सकाळी बोट दुरुस्त झाली, आम्ही पलीकडे उतरलो, आणि एसी बंद ठेवून, काचा खाली करून श्रीवर्धन गाठलं.

पंपावरच्या मीटरकडे मी बघत उभा होतो. आमच्या गाडीची टाकी 37 लिटरची. मीटर तीस ओलांडून गेलं, तेहतीस, चौतीस, आणि 35 लिटर 200 मिलीवर थांबलं.

तुम्ही किनारपट्टीवर राहत असाल, तर तुमच्या गावाजवळचा पंप किती वाजता बंद होतो आणि पावसाळ्यात तुमच्याकडची बोट कधी बंद असते, ते खाली लिहा. रेवसपासून रेडीपर्यंत गावांच्या क्रमाने ते सगळं मांडून मी सगळ्यात वर पिन करून ठेवतो.