फक्त तीस पेशी

नमस्कार मंडळी. आज अर्व्हिंग वाइसमन या शास्त्रज्ञाबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात एका प्रयोगापासूनच करते. उंदराला रेडिएशनचा जबर डोस दिला की हाडांच्या पोकळीतली बोन मॅरो, जिथे रक्त तयार होतं, ती पार मरते आणि काही दिवसांत उंदीरही मरतो. अशा उंदरांना वाइसमन यांच्या स्टॅनफर्डमधल्या लॅबने निवडून काढलेल्या फक्त तीस पेशी टोचल्या आणि निम्मे उंदीर जगले! साल १९८८. तीस पेशींतून अख्खं रक्त नव्याने उभं राहिलं, लाल पेशी, पांढऱ्या पेशी, सगळं.

वाइसमन मूळचे मोंटानातल्या ग्रेट फॉल्सचे. शाळेत असतानाच ते गावातल्या पॅथॉलॉजिस्टच्या, अर्न्स्ट आइकवाल्ड यांच्या लॅबमध्ये जायला लागले. आइकवाल्डनी १९५५ मध्ये एक मजेशीर गोष्ट दाखवली होती, अगदी जुळ्या भावंडांसारखे एकसारखे उंदीर घ्यायचे, मादीची कातडी नरावर लावली तर टिकते पण नराची मादीवर लावली तर तिचं शरीर ती परकी म्हणून टाकून देतं. आपलं कोण, परकं कोण, हे शरीर कसं ओळखतं? हा प्रश्न त्या शाळकरी मुलाच्या डोक्यात जो शिरला तो पुढे आयुष्यभर राहिला असं मला वाटतं.

त्या तीस पेशी म्हणजे रक्ताच्या स्टेम सेल्स, ज्यांच्यापासून बाकी सगळ्या रक्तपेशी तयार होतात अशा मूळ पेशी. त्या असतात हे टोरंटोच्या टिल आणि मॅकलक या शास्त्रज्ञांनी १९६१ पासून दाखवायला सुरुवात केली होती, पण हजारो पेशींच्या गर्दीत नेमकी ती कुठली हे कोणालाच दाखवता येत नव्हतं. वाइसमन यांच्या टीमने पेशीवरच्या ठरावीक प्रोटीन्सना चिकटणाऱ्या अँटीबॉडीज घेतल्या, त्यांना चमकणारा रंग जोडला, आणि मग मशीनमधून एकेक पेशी बारीक थेंबातून लेझरसमोरून जाते, हवी ती चमक दिसली की तो थेंब बाजूला काढला जातो. उंदराच्या मॅरोत साधारण दोन हजारांत एक पेशी अशी. केवढा पेशन्स लागला असेल!

मला सगळ्यात जास्त भिडतं ते पुढचं. पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तेव्हा खूप जास्त डोसची केमो देऊन मग पेशंटच्याच आधी काढून ठेवलेल्या पेशी परत द्यायचे, पण त्या पेशींबरोबर कॅन्सरही परत जाऊ शकतो ना! म्हणून १९९० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये २२ बायकांना गाळून साफ केलेल्या स्टेम सेल्स दिल्या. बारा वर्षांनंतरही त्यातल्या ५ जणी जिवंत होत्या, आणि नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे न गाळलेल्या पेशी परत दिलेल्या ७४ जणींपैकी ७. आकडे लहान आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे हा पक्का पुरावा नाही हे मान्य. पण तोपर्यंत जास्त डोसच्या केमोवरचाच डॉक्टरांचा विश्वास उडाला होता आणि साफ पेशींची मोठी ट्रायल काही झालीच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नंतर त्यांच्याच लॅबला दिसलं की मॅरोतून रक्तात फिरायला निघालेली स्टेम सेल अंगावर सीडी४७ नावाचं प्रोटीन वाढवते, म्हणजे वाटेतल्या मॅक्रोफेज पेशींना, ज्या नको त्या पेशी गिळून टाकतात त्यांना, "मला खाऊ नका" असं सांगते, आणि ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशी हीच युक्ती वापरतात. तो सिग्नल झाकणारं औषध आलं, पण सीडी४७ आपल्या लाल पेशींवरही असतं, पेशंटचं हिमोग्लोबिन घसरायचं. रक्ताच्या कॅन्सरमधल्या त्याच्या मोठ्या ट्रायल्स २०२३-२४ मध्ये थांबवाव्या लागल्या, पेशंट जास्त जगतायत असं दिसलंच नाही. आपलं कोण आणि परकं कोण, इथेही गाडी तिथेच येऊन अडली.