ब्लूग्रासच्या पहिल्या पाच जोडी हातांविषयी

ब्लूग्रास म्हटलं की अमेरिकेतल्या डोंगरातलं जुनं लोकसंगीत, असं आपण धरून चालतो. लोकसंगीत त्यात आहेच. पण आज ज्याला आपण ब्लूग्रासचा आवाज म्हणतो, तो १९४६ आणि १९४७ साली शिकागोत कोलंबिया कंपनीसाठी पाच व्यावसायिक वादकांनी मुद्रित केला. बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज, म्होरक्या बिल मन्रो. पाचांपैकी दोघांनी गिरणीत काम केलेलं, एकानं टॅक्सी चालवलेली. कोण काय शिकून आला होता, हे त्यांच्या हातांत ऐकू येतं. आज तेवढंच ऐकायचं आहे.

बिल मन्रो, जन्म १९११, केंटकीतलं रोझीन. आठ भावंडांत धाकटा. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि गिटार थोरल्यांनी आधीच पटकावलेली, याच्या वाट्याला मॅन्डोलिन आलं, चार जोड्यांत आठ तारांचं छोटं वाद्य. तेही, सांगतात की, आठातल्या चारच तारा ठेवून, म्हणजे फार आवाज नको! मॅन्डोलिन आणि फिडल एकाच सुरांत लागतात, त्यामुळे मामाच्या, पेन व्हँडिव्हरच्या, फिडलवरच्या नाचाच्या चाली त्याच बोटांनी मॅन्डोलिनवर उतरल्या. ब्लूजचा रंग आला तो आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाकडून. या दोघांनाही मन्रो नाचाच्या कार्यक्रमांत गिटारवर साथ करायचा.

साथीदाराचा तो ताल त्याच्या ‘चॉप’मध्ये आहे. चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर सगळ्या तारांवर एक फटका मारायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताचा दाब सोडायचा. बोटं मात्र तारांवरून उचलायची नाहीत. नाद मरतो, ‘ठक’ उरतो. बँडमध्ये ड्रम नाही, त्याचं काम हा ठक करतो. नवशिक्याचं चुकतं ते इथे: कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांच्या गुच्छात, एखादी मोकळी तार राहिली तर तिच्यावर दाबलेलं बोटच नसतं, ती झणझणत राहते आणि मात्रा पुसट होते. म्हणून चॉपला चारही जोड्या दाबलेली कॉर्डच हवी.

अर्ल स्क्रग्ज डिसेंबर १९४५मध्ये आला, वय २१. नॉर्थ कॅरोलायनातल्या फ्लिंट हिलचा, सूतगिरणीत काम केलेला. बँजो म्हणजे इथे कातड्याचा, पाच तारांचा, बटणांचा नव्हे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींत नख्या घालून वाजवण्याची पद्धत त्याच्या भागात आधीपासून होती. स्नफी जेन्किन्स तसं वाजवायचा. स्क्रग्जनं तिला वेग आणि सफाई दिली. चार मात्रांत आठ आघात, पण त्यांची विभागणी तीन-तीन-दोन. अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी. म्हणजे अंगठा पहिल्या, चौथ्या आणि सातव्या आघातावर पडतो. तालाला जो झोका मिळतो तो इथून. शिकणारे आठही आघात सारख्याच जोरानं वाजवतात, मग चाल हरवते आणि नुसता पाऊस ऐकू येतो. चालीचा सूर वजनानं, बाकीचे हलके. वेग नंतर.

पट्टीची कटकटही बँजोवाल्यालाच. बँजो लागतो पांढरी पाचमध्ये. मन्रोचा आवाज उंच, तो पांढरी सातमध्येही गायचा. कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, चौथ्या पडद्यावर लावला की चार तारा चढतात, पाचवी नाही, कारण ती आखूड तार पाचव्या पडद्यापासूनच सुरू होते. ती खुंटी पिळून एवढी चढवायला गेलात तर बहुधा तुटते. म्हणून आज नवव्या पडद्यापाशी बारीक खिळा ठोकून तार त्याखाली अडकवतात.

लेस्टर फ्लॅट टेनेसीचा, जन्म १९१४, हाही गिरणीकामगार. मन्रोचा भाऊ चार्ली याच्या बँडमध्ये तो मॅन्डोलिन वाजवायचा आणि वरचा सूर गायचा. इथे उलट झालं: मुख्य चाल फ्लॅटची, वरचा सूर मन्रोचा. वरच्या गायकाला श्वास कुठे लागतो हे ज्याला ठाऊक, तो खालून घाई करत नाही. गिटार तो अंगठ्याच्या आणि बोटाच्या नखीनं वाजवायचा. ओळीच्या शेवटी खालच्या तारांवरून वर येणारी त्याची छोटी सुरावट आज प्रत्येक ब्लूग्रास गिटारवाला वाजवतो. बहुतेक जण जरुरीपेक्षा जास्त.

चबी वाइज फ्लोरिडाचा, जॅक्सनव्हिलमध्ये टॅक्सी चालवलेला. त्याच्या फिडलमध्ये वेस्टर्न स्विंगचा, म्हणजे जॅझ मिसळलेल्या नाचाच्या कंट्री संगीताचा, गुळगुळीतपणा आहे, लांब गज आणि सरकते सूर. संथ गाण्यांत तो ठळक जाणवतो. डबल बासवर हॉवर्ड वॉट्स, तोही फ्लोरिडाचा, रंगमंचावर ‘सेड्रिक रेनवॉटर’ या नावानं विनोदी कामं करणारा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर कॉर्डचा षड्ज आणि पंचम, एवढंच त्याचं मुख्य काम. मन्रोचा ठक याच्या मधोमध बसतो. चॉप जरा आधी पडला की सगळा बँड पळायला लागतो, आणि दोष मात्र बँजोला मिळतो.

ब्लूग्रासमध्ये फक्त तारवाद्यंच हवीत असा शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांसाठी एक जाता जाता: १९४५च्या मुद्रणांत याच बँडमध्ये सॅली अ‍ॅन फॉरेस्टर अ‍ॅकॉर्डियन वाजवत होती.

१९४८मध्ये फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले आणि त्यांनी फॉगी माउंटन बॉइज उभा केला. तिथे मॅन्डोलिनला एकल वादनाची जागा फारशी मिळाली नाही. १९५५ला जॉश ग्रेव्हज आला, डोब्रो घेऊन. आडवी धरून लोखंडी पट्टीनं वाजवायची ही गिटार. तिच्यावर त्यानं स्क्रग्जची तीन बोटांची पद्धत बसवली.