जाळी काढताना

[दृश्य: सकाळचं अंगण. पांढरी मारुती ८००, चारही काचा खाली. आवाज फक्त पाखरांचा.]

ही आमची मारुती. १९९७ सालची. बाबांनी घेतली, आई हिच्यावरच गाडी चालवायला शिकली, आता माझ्याकडे आहे. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तिच्या मालकाच्या हातात पडली आणि १८ जानेवारी २०१४ ला या गाडीचं उत्पादन थांबलं. मधल्या ३० वर्षांत देशभरात २५ लाखांहून जास्त विकल्या गेल्या. त्यातली ही एक.

तिचं ७९६ सीसीचं इंजिन अजून पहिल्या चावीला सुरू होतं. थकलाय तो डॅशबोर्ड. भर उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापतो, आणि हिने असे पंचवीसहून जास्त उन्हाळे काढलेत.

[दृश्य: एसीच्या जाळ्या, अगदी जवळून.]

ही मधली जाळी अजून करडी आहे. ही दाराकडची बघा, उन्हाने पार पांढुरकी पडली आहे. हिला एकदा रंग दिला होता, एका गॅरेजमध्ये, जागेवरच, भोवती कागद लावून. आठवडाभर छान दिसली. मग वारा वळवणाऱ्या पट्ट्या हलेनात. पट्टीच्या दोन्ही टोकांना टाचणीच्या डोक्याएवढ्या खुंट्या असतात, त्यांच्यावर ती फिरते. रंग त्या भोकांत उतरला आणि वाळला. जोर केला तर खुंटी मोडणार. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, जाळी रंगवायची तर ती बाहेर काढूनच.

आणि खरं काम हे काढण्याचंच आहे. रंग मारणं त्यामानाने सोपं.

[दृश्य: गाडी उन्हात. दार उघडं. टॉर्चचा झोत जाळीच्या आत.]

जुनं प्लास्टिक गार असताना कडक असतं, चटकन तुटतं. म्हणून गाडी तासभर उन्हात ठेवली. ढगाळ दिवस असेल तर केस वाळवायचा ड्रायर लांबून फिरवायचा, हाताला सोसेल इतपतच. मग टॉर्च मारून आत बघायचं. काही गाड्यांत पट्ट्यांच्या मागे स्क्रू दडलेला असतो, आणि तो न काढता ओढलं की चौकटच फुटते. इथे स्क्रू नाही, फक्त लॉक आहेत, म्हणजे चौकट अडकवून धरणारे प्लास्टिकचे आकडे.

लॉक कुठे आहे ते बोटांना कळतं. चौकटीवर अंगठा दाबत कडेकडेने जायचं. जिथे चौकट जराशी आत जाते तिथे मागे पोकळ. जिथे हलतच नाही, तिथे लॉक. तिथे मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावून खूण करायची. डॅशबोर्डच्या कडेलाही टेपचे दोन थर, नाहीतर ओरखडा कायमचा राहतो.

लोखंडी डिसमिस इथे नकोच. मी बांबूची चपटी पट्टी घासून घेतली आहे, आणि हे जुनं एटीएम कार्ड. बांबूच्या पट्टीने चौकट केसभर उचलायची. मिळालेल्या फटीत कार्ड सरकवून ठेवायचं, म्हणजे मिळवलेली जागा हातची जात नाही. मग दुसरी बाजू. पुन्हा पहिली. ओढायचं ते चौकटीला धरून, पट्ट्यांना धरून कधीच नाही.

[आवाज: टक्.]

ऐकलंत? हा लॉक सुटल्याचा आवाज, जरा बोदा. तुटल्याचा आवाज कोरडा असतो, सुपारी फुटल्यासारखा. तोही मी ऐकला आहे, माझ्याच हातून, पहिल्याच जाळीला. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून, तो बुधवारी आणि रविवारी भरतो, एक भंगारातली जाळी आणली आणि चार दिवस तिच्यावर हात बसवला. ज्याला हे करायचंय त्याने हे आधी करावं.

[दृश्य: जाळी बाहेर येते. मागे काळा बोगदा, धुळीचा थर, कडुलिंबाचं वाळकं पान.]

कडेचा फोम बोट लावताच भुगा होतो. तो पूर्ण खरवडून नवी फोमची पट्टी चिकटवायची. नाहीतर गार हवा समोर येण्याऐवजी डॅशबोर्डच्या पोटातच पसरत राहते.

जाळीच्या पाठीवर बारीक अक्षरं आहेत: एबीएस, म्हणजे प्लास्टिकचा प्रकार. हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. एबीएसवर रंग धरतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन, लिहिलेलं असेल तर आधी त्यासाठीचा खास प्रायमर, रंगाखालचा थर, लागतो, नाहीतर रंग सालीसारखा सुटतो. तुटलेला लॉकही एबीएस आहे म्हणूनच जोडता आला. भंगारातल्या जाळीचा कीस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवला, ती खळ लावली, रात्रभर ठेवली. झटपट चिकटवणारा गोंद इथे टिकत नाही, वाकताना तडकतो.

पट्ट्या सोडवताना आधी फोटो. पट्टी मधोमध हलकी वाकवली की टोकाची खुंटी भोकातून निसटते. प्रत्येकीच्या मागे टेपवर नंबर. मागची जोडपट्टी, जिच्यामुळे सगळ्या एकदम वळतात, ती वेगळ्या डबीत.

[दृश्य: तसराळ्यात पट्ट्या, दात घासायचा जुना ब्रश.]

बाबा दर दिवाळीला डॅशबोर्डला चकाकीचं पॉलिश लावायचे. त्यातलं सिलिकॉन रंगाचं वैरी. त्याचा अंश राहिला तर रंग गोल गोल फाटतो. म्हणून भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. ६०० नंबरचा वॉटर पेपर, प्रायमर, आणि करड्या मॅट रंगाचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. खुंट्यांवर टेप.

या बोंडीला मात्र मी रंग लावला नाही. मधल्या जाळीच्या पट्ट्या फिरवायची बोंडी. मी मागे बसायचे, आणि बाबा निघताना अंगठ्याने ती वर सरकवायचे, वारा माझ्यापर्यंत यावा म्हणून. तिच्यावरच्या बारीक रेघा तेवढ्या जागी झिजून गुळगुळीत झाल्या आहेत.

[दृश्य: मधली जाळी जागेवर बसते. टक्. पंखा सुरू.]

पट्ट्या वर, खाली, डावीकडे, कुठेही अडकत नाहीत.

दाराकडची जाळी अजून टेबलावर आहे, प्रायमर लावून. कालपासून पाऊस लागलाय. अशा दमट हवेत लॅकर, म्हणजे थिनर उडून वाळणारा रंग, मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढरट धूर चढतो. उघडीप मिळाली की तिला रंगाचा पहिला हात.