शहर तेच, रहिवासी नवे

(दृश्य: व्रोत्सवाफचा मुख्य बाजारचौक)

पोलंडच्या नैऋत्येला, ओद्रा नदीच्या काठी वसलेलं व्रोत्सवाफ. चौकात खुर्चीवर ऐसपैस बसलेल्या या गृहस्थांकडे जरा बघा. एका हातात पिसाची लेखणी, दुसऱ्या हातात कागदाची गुंडाळी. हे अलेक्सांदेर फ्रेद्रो, पोलिश विनोदी नाटककार. पुतळा १८९७ सालचा, पण या गावचा नव्हे. तो उभारला होता ल्वुवला, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विवला. इथे बसवला १९५६ साली. त्याआधी या चौकात प्रशिया या जर्मन राज्याचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म घोड्यावर होता. राजा गेला, नाटककार आला. पुतळ्यांचं झालं तेच माणसांचंही.

(दृश्य: ऑस्त्रुव तुम्स्की, संध्याकाळ)

वस्तीची सुरुवात नदीतल्या बेटांवर झाली. ऑस्त्रुव तुम्स्की हा सर्वांत जुना भाग, इ.स. १००० मध्ये इथे बिशपचं पीठ स्थापन झालं. नदीचा एक फाटा बुजवल्यामुळे आता हे बेट राहिलेलं नाही, नाव मात्र बेटाचंच. दिवेलागणीला काळा झगा आणि उंच टोपी घातलेला माणूस लांब काठी घेऊन येतो आणि इथले गॅसचे दिवे एकेक करून पेटवतो. पर्यटक त्याच्या मागेमागे फिरतात, हे ओघानं आलंच.

१२४१ च्या मंगोल स्वारीनंतर डाव्या काठावर आखीव चौकाचं नवं शहर उभं राहिलं. १३३५ मध्ये ते बोहेमियाकडे, म्हणजे आजच्या चेक प्रदेशाकडे गेलं, १५२६ मध्ये ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे, १७४१ मध्ये प्रशियाकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ब्रेस्लाऊ नावाचं मोठं जर्मन शहर होतं.

(दृश्य: प्लात्स ग्रुनवाल्द्झकी, ट्राम आणि विद्यार्थ्यांची वर्दळ)

आज कॉलेजच्या पोरांनी गजबजलेला हा रुंद पट्टा मुळात विमानांच्या धावपट्टीसाठी मोकळा केलेला आहे. १९४४ मध्ये हिटलरच्या राजवटीनं शहराला किल्ला म्हणून घोषित केलं. जानेवारी १९४५ च्या कडाक्याच्या थंडीत बायकापोरांना बाहेर काढलं. सोव्हिएत सैन्याचा वेढा पडल्यावर धावपट्टी हवी म्हणून इथली घरं पाडली. पाडणारे शत्रूचे नव्हेत, शहर राखायला बसलेलेच! बर्लिन २ मे रोजी पडलं, ब्रेस्लाऊ ६ मे रोजी शरण आलं. चार दिवस जास्त लढून मिळवलं काय, तर आणखी ढिगारे.

युद्धानंतर पोलंडची सीमा पश्चिमेला सरकली. शहर पोलंडला मिळालं, जर्मन रहिवाशांची हकालपट्टी झाली आणि त्यांच्या घरांत पोलिश कुटुंबं आली. बरीचशी मध्य पोलंडमधली, तर काही सोव्हिएत संघानं घेतलेल्या ल्वुवकडची. ल्वुवच्या लोकांबरोबर ओसोलिनेउम ग्रंथालयाचा मोठा संग्रह आला आणि ‘रात्सवावित्से पॅनोरमा’ हे चित्रही. १५ मीटर उंच, ११४ मीटर लांब. त्यात १७९४ मध्ये पोलिश सेनानी कोश्च्युश्कोच्या फौजेनं रशियनांना हरवल्याचा प्रसंग आहे. मॉस्कोच्या छायेतल्या साम्यवादी राजवटीत असं चित्र दाखवायचं कसं? ते गुंडाळूनच ठेवलं. लोकांसमोर आलं थेट १९८५ मध्ये.

नव्या रहिवाशांना बरीच वर्षं धास्ती होती: जर्मन परत आले तर? त्यात इथल्या पडक्या घरांच्या लाखो विटा वॉर्साच्या उभारणीसाठी रवाना होत होत्या. अशा घरावर कोण जीव लावणार?

(दृश्य: जुलै १९९७ ची पुराची चित्रफीत)

ओद्राला महापूर आला तेव्हा शहराचा मोठा भाग बुडाला. पूरपट्ट्यात बांधलेल्या कोझानुव वसाहतीत पाणी घुसलं. पण जुन्या शहरात लोकांनी रात्रंदिवस वाळूच्या गोण्या भरून हातोहात पुढे दिल्या आणि बांध घातले. ऑस्त्रुव तुम्स्की वाचलं, ओसोलिनेउमची पुस्तकंही वाचली. गोण्या उचलणाऱ्यांत बहुतेक जण याच शहरात जन्मलेले होते.